नवसागराचा जोड

बापू म्हणजे माझे वडील, त्यांच्या दुकानात एक रीत होती. ज्यानं वायरींचा जोड केला, त्यानंच तो गिऱ्हाइकासमोर दोन्ही हातांत धरून ओढून दाखवायचा. जोड सुटला तर काम पहिल्यापासून, आणि तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. ही रीत त्यांनी लढाईच्या दिवसांत उचलली होती. तेव्हा ते लष्कराच्या वर्कशॉपात बिनतारी संदेशांच्या गाड्यांचं वायरिंग करत, आणि तिथला साहेब जोड ओढून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडत नसे. लढाई संपली, साहेब त्याच्या देशी गेला, बापूंनी चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला मोटारींच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान मांडलं आणि ती रीत तेवढी बरोबर आणली. माझ्यात ती इतकी मुरली आहे की आजही मोबाइलच्या चार्जरची वायर मी लावण्याआधी ओढून बघते. नात म्हणते, "आजी, तुझ्यामुळंच तुटतात त्या." तुटेनात का.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, आतल्या दाराला पोत्याचा पडदा. मागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं पत्र्याची शेड, आणि मोटार थेट शेडमध्ये नेता यावी म्हणून बाजूनं मुरमाची वाट. आम्ही मूळचे चिपळूणकडचे. इथं येऊन आई ज्वारीची भाकरी थापायला शिकली, पण रविवारी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेली सुकट यात खंड पडला नाही. रस्त्यानं मालट्रक गेला की फडताळातले पेले एकमेकांवर वाजायचे. पितळी डबे वेगळे वाजायचे, आणि नुसत्या आवाजावरून ट्रक भरलेला आहे की रिकामा हे आई सांगायची. राळेचा धूर फोडणीच्या वासात मिसळून घरभर फिरायचा. वितळवलेल्या कथलाचा डाख धरावा म्हणून वायरीच्या तांब्याला आधी राळ लावतात, तिचा तो धूर. मला तो इतका आवडायचा की लग्नानंतर पहिले काही महिने सासरच्या स्वयंपाकघरात काय कमी आहे ते मला कळेचना, आणि मग लक्षात आलं.

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. शाळा संपलेली, लग्न ठरत नव्हतं, आणि स्वस्थ बसणं माझ्या प्रकृतीत नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे गो बाई." त्याच सुमारास बापूंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची, मग सही वाकडी यायला लागली, आणि एका दुपारी डाख द्यायचं तापलेलं लोखंड त्यांच्या हातून माझ्या पायाशी पडलं. मी ते उचललं आणि जोड पुरा केला. बापूंनी जोड उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "उद्यापासून तू कर. बाहेर बोलू नकोस." झालं. त्या दिवसापासून ते बाराही महिने कोट घालायला लागले, उजवा हात कोटाच्या खिशात. मोटार शेडमध्ये आली की गिऱ्हाइकाला समोरच्या हॉटेलात चहाला पाठवायचं, शेडचा पोत्याचा पडदा सोडायचा, बापू सीटवर बसून सांगणार आणि मी डॅशबोर्डखाली उताणी पडून करणार. काम संपलं की मी पडद्याआड. गिऱ्हाईक आलं की बापू जोडाचं एक टोक दातात धरायचे, दुसरं डाव्या हातानं ओढायचे आणि म्हणायचे, "बघा." लोकांना वाटायचं, हीही लष्करातलीच काही पद्धत असणार.

दोन वर्षं असं चाललं. मला राग यायचा का? यायचा. पडद्याआड उभं राहून आपल्या कामाची स्तुती ऐकायची आणि "हो हो, बापूंचा हात म्हणजे हात" हे ऐकून गप्प बसायचं, हे ज्याला जमेल त्याला जमो. पण काम हातातून जाईल ही भीती रागाहून मोठी होती. त्यामुळं मी गप्प होते.

चाकणचे दौलतराव कांद्या-बटाट्याचे मोठे व्यापारी. त्यांची काळी जुनी मोटार होती, तिची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागंच होती. त्या काळच्या काही गाड्यांत तशी असे. त्यांना मोटारीत रेडिओ हवा होता. नुसता रेडिओ नव्हे. रेडिओ, त्याच्या आकड्यांमागचा दिवा, मागच्या सीटसाठी पंखा आणि छताला एक बत्ती. म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या एका वायरीला चार वायरी जोडायच्या. बापूंचे नियम ठरलेले. आधी बॅटरी काढून अंगणात ठेवायची. शेगडी शेडपासून दहा पावलं लांब. टाकीवर ओलं पोतं. वायरी लांब ठेवून दाराबाहेर ओढून घ्यायच्या, जोड बाहेरच करायचा आणि थंड झाल्यावर आत सारायचा. प्रत्येक वायरीचं तांबं चाकूच्या पाठीनं लख्ख घासायचं, घट्ट पीळ द्यायचा, राळ, मग डाख, मग काळी पट्टी अर्धी अर्धी एकावर एक चढवत गुंडाळायची, आणि जोड पत्र्याला कुठं घासणार नाही असा बांधून टाकायचा.

दौलतरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणगावला व्याह्यांकडं रेडिओ वाजवत जायचं होतं, त्यामुळं घाई. दिवेलागण होत आली होती. पीळ देऊन झाला, लोखंड तापलं, आणि मी राळेचा डबा उघडला तर तळाशी नुसती धूळ. सकाळीच सांगायला हवं होतं की राळ संपत आली आहे. मी विसरले होते. बापू पुढं दौलतरावांशी बोलत बसलेले. आता पुढं जाऊन "राळ नाही" म्हटलं असतं तर फार तर गाडी रात्रभर राहिली असती. पण मला ते म्हणायचं नव्हतं. आईच्या फडताळात नवसागराचा खडा होता. सर्दी झाली की चुन्याबरोबर चोळून हुंगायला ती तो कल्हईवाल्या बाबूमियांकडून मागून ठेवायची. बाबूमिया कल्हई करताना नवसागर टाकतात आणि कथील कसं सरसर पसरतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मी खडा कुटला, पाण्यात कालवला आणि जोडाला लावला. डाख असा धावला, असा धावला, की राळेनं कधी धावला नव्हता. जोड चांदीसारखा चमकला. मला माझंच कौतुक वाटलं. मी पट्टी गुंडाळली आणि पडद्याआड गेले. बापूंनी ओढून बघितला, म्हणाले, "असा जोड झाला नव्हता आजवर." दौलतराव बसले, बटण फिरवलं, रेडिओ आधी अर्धं मिनिट गुणगुणला, आणि मग बायकी आवाजात बातम्या सुरू झाल्या. हॉटेलातली माणसं चहा टाकून बघायला आली.

पावसाळा गेला. गणपती झाले, आणि नवरात्राआधी नेहमीप्रमाणं बाबूमिया भाता घेऊन अंगणात बसले. आईनं तांब्याचं पातेलं पुढं केलं, तसे ते करवादले. "वहिनी, हे काय केलं? मागच्या टायमाला सांगितलं होतं ना, काठ चांगला धुवा म्हणून? नवसागर राहिला की तांब्याला खातो. हळूहळू खातो, वरून कळत पण नाय." आणि त्यांनी नखानं काठाखालचं हिरवं खरवडून दाखवलं. मी तिथं उभी होते. हातात तांदळाचं सूप होतं. मी सूप तसंच खाली ठेवलं आणि शेडमध्ये जाऊन उगाचच खिळे निवडत बसले.

तिथून पुढं मला चैन पडेना. जोड मी धुतला नव्हता, वर घट्ट पट्टी बांधली होती, आणि सबंध पावसाळ्याची ओल त्यात बसलेली. आतलं तांबं कळकलं असणार. कळकलेला जोड तापतो. फ्यूज होता, पण फ्यूज जादा वीज अडवतो, जोडाची ऊब अडवत नाही. आणि जोडाच्या वीतभर पलीकडं पेट्रोलची टाकी. मी भात ढवळायला बसले की तेच, निजले की तेच. दौलतरावांच्या मोटारीचा भोंगा मला ओळखू यायचा. तो वाजला की मी हातातलं टाकून दुकानाच्या पायरीपर्यंत धावायची आणि गाडीतून धूर येतोय का बघायची. आई म्हणाली, "त्या मोटारीत तुझा कोण बसलाय?" मी हसून घालवलं. बापूंना सांगावं असं दिवसातून दहादा मनात यायचं. पण जोड त्यांनी स्वतः ओढून दाखवलेला. आणि सांगितलं तर लोखंड माझ्या हातून कायमचं जाईल, हेही होतंच. पहिलं कारण मी स्वतःला मोठ्यानं सांगायची, दुसरं हळू.

एका गुरुवारी दौलतराव पुण्याहून परतताना चहाला थांबले. मी पडद्याआड. ते बापूंना म्हणाले, "सोमवारी लेकीला आनाया जातुय नारायणगावला. पयलं बाळंतपण, दिस भरत आल्यात. एसटीचे धक्के नकोत, आपल्याच गाडीनं आनीन म्हनलं."

"उत्तम," बापू म्हणाले. "रेडिओ बरा चालतोय ना?"

"मधीच खरखरतोय. वाईच वासबी येतोय. लेक आली की आनतो दाखवाया."

वास येतोय म्हणाले आणि बापूंनी खोलात विचारलंच नाही. ते दारात आलेल्या एका ट्रकवाल्याकडं वळले होते. मी पडद्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर सुतळीचे वळ उठले.

शनिवारी बापू सामान आणायला पुण्याला गेले. मी पिशवीत लोखंड, नवी राळ, डाख, पट्टी आणि चाकू भरला. आईनं ते पाहिलं. "बापूंना सांगितलंस?"

"नाही."

तिनं फडक्यात दोन भाकऱ्या आणि लसणीची चटणी बांधून पिशवीत घातली. "मग मलाही काही माहीत नाही. लवकर ये गो."

टांग्यानं नाशिक फाटा आणि तिथून एसटीनं चाकण. आता त्या रस्त्यानं नातीबरोबर गाडीतून जाते तेव्हा मोशीच्या पुढं कंटेनरांच्या मागं तासभर बसावं लागतं. तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती आणि तरीही मला ती एसटी रांगत असल्यासारखी वाटत होती. चाकणला शनिवारचा बाजार. कांद्याचे ढीग, बैलगाड्या, हाळ्या. दौलतरावांची मोटार त्यांच्या वखारीसमोर लिंबाखाली उभी होती. मी म्हटलं, "काका, मी बापूंची कुंदा. बापूंनी जोड तपासून यायला सांगितलंय." इथवर मी खोटंच बोलले.

"पोरीला धाडलं?" दौलतरावांना नवल वाटलं. "बग बाई, बग."

मी बॅटरी सोडवली, जोड बाहेर ओढून घेतला आणि पट्टी उलगडायला लागले. भोवती हमाल, शेतकरी, दोन दलाल अशी माणसं जमली होती. शेवटचा वेढा निघाला. पट्टी आतून करपून कडक झालेली. तांबं हिरवंगार, पाचातल्या तीन तारांचे केसाएवढे धागे उरलेले. बोटानं हलवलं तर हिरवी पूड हातावर पडली. हमाल वाकून बघायला लागले. मग दौलतराव टाकीकडं बघत म्हणाले, "ह्यो बापूचा जोड? माज्यासमोर वढला हुता त्यानं!"

"हात गेला म्हाताऱ्याचा," एक दलाल म्हणाला. "आता पुन्याला दाखवीत जावा, राव. तिकडं नगा जाऊ."

लोक माना हलवायला लागले. आणि मी, जी दोन वर्षं पडद्याआड गप्प होते, ती त्या बाजारात बोलले. "जोड बापूंचा नाही. माझा आहे. राळ संपली होती म्हणून मी नवसागर लावला, बापूंना न सांगता."

"तुजा? मग बापूनं का वढून दावला?"

"त्यांचा हात थरथरतो. दोन वर्षं सगळे जोड मीच करतेय."

बोलून गेले. बापूंचं नाव वाचवायला बोलले, की माझं नाव एकदा तरी कुणाला तरी कळावं म्हणून, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावं.

मग मी कामाला लागले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. चहावाल्याची शेगडी मागून घेतली, लांब ठेवली. टाकीवर ओलं पोतं टाकलं. कळकलेलं तांबं वीतभर कापून टाकलं, नवं घासलं, पीळ, राळ, डाख. डाख सावकाश पसरला, राळेनं पसरतो तसाच. धुराचा वास आला आणि मला रडू आलं, पण हात चालू होते. जोड झाल्यावर मी म्हटलं, "ओढून दाखवते."

"न्हाई." दौलतरावांनी हात आडवा केला. चिडलेले नव्हते, फार शांत होते, आणि त्याचीच भीती वाटली. "सोमवारी ह्या गाडीत माजी लेक बसनार हाय. बापूनं वढल्याबिगर मी तिला बसवायचा न्हाई. उद्या येतो चिंचवडाला. तुज्या बापाला सांगून ठेव."

बापू पुण्याहून परतले तेव्हा मी दारातच उभी होते. चहाही घेऊ दिला नाही. राळेपासून बाजारापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी. एक ट्रक गेला, पेले वाजले, आणि ट्रक भरलेला की रिकामा हे त्या दिवशी आई बोलली नाही. बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नवसागर लावलास, ते चुकलीस," ते म्हणाले. "जाऊन उघडलास, ते बरं केलंस. पण हात माझा होता, कुंदा. तो सांगायचा की नाही, हे मी ठरवायचं होतं."

ते जेवले, पण माझ्याकडं न बघता. रविवार होता तरी दुसऱ्या सकाळी आईनं कुळीथ काढले नाहीत.

दौलतराव दहाच्या सुमाराला आले, बरोबर वखारीतले दोघं. मोटार मुरमाच्या वाटेनं न नेता त्यांनी रस्त्यावर, दुकानासमोरच उभी केली. हॉटेलातली माणसं बाहेर आली. बातमी चाकणहून मोटारीच्या आधी येऊन पोचली होती, हे त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. दौलतरावांनी बॅटरीची वायर स्वतः सोडवली आणि जोड दाराबाहेर ओढला.

"बापू, पोरीनं काय बाय सांगितलंय ते मी इचारीत न्हाई. तुमी वढा, म्हंजे मी नारायणगावला मोकळा."

बापू दुकानाच्या पायरीवर बसले होते, कोटात. मी पडद्याआड, सवयीनं. मनात येत होतं की आता ते उठतील, टोक दातात धरतील, डाव्या हातानं ओढतील आणि म्हणतील, बघा. दौलतरावांचं समाधान होईल, दुकान चालेल, आणि मी पुन्हा डॅशबोर्डखाली. तसं झालं असतं तर मी ते निमूटपणे घेतलं असतं. चूक माझीच होती.

"मी ओढणार नाही," बापू म्हणाले. "आमच्या दुकानाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ज्यानं जोड केला, त्यानं ओढायचा. दोन वर्षं मी ती मोडली. तुमच्यासमोरही मोडली. तुम्हाला वास आला म्हणालात तेव्हा मी विचारलंही नाही." मग मान न वळवता त्यांनी हाक मारली. "गो कुंदा, बाहेर ये."

मी पडदा सारून रस्त्यावर आले. इतक्या पुरुषांच्या मध्ये मी कधी उभी राहिले नव्हते. जोड दोन्ही हातांत धरला, पाय मोटारीच्या पायरीला रोवला आणि जीव खाऊन ओढला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा दौलतराव म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पोरी. आता गाडी उपटशील." कुणीतरी हसलं. त्यांनी वायर लावली, बटण फिरवलं, आणि आम्ही सगळे रेडिओ तापायची वाट बघत त्या गुणगुणीकडं कान लावून उभे राहिलो.

मी बापूंकडं बघितलं. त्यांनी कोट काढून पायरीवर ठेवला होता. उजवा हात गुडघ्यावर होता, भर रस्त्यात, सगळ्यांसमोर थरथरत. हॉटेलवाल्यानं चहाची बशी पुढं केली, आणि त्यांनी ती त्याच हातानं घेतली.